नुसता आकडा

चष्मेवालीचा सगळ्यात जुना राग एका किडनीवर होता.

किडनी नवऱ्याची, पण नवऱ्याजवळ नसलेली. बारा वर्षांपूर्वी त्यानं ती आपल्या तेव्हाच्या बायकोला दिली आणि तीन वर्षांनी दोघं रीतसर वेगळे झाले. भांडी वाटून झाली, पुस्तकं वाटून झाली, कपाट कुणी न्यायचं यावरून थोडी कुरबुर झाली. किडनी मात्र होती तिथेच राहिली. ती काय परत मागता येते? आणखी दोन वर्षांनी तो चष्मेवालीच्या नशिबात आला, तेव्हा तिला मिळाला तो एक किडनी वजा झालेला, हसतमुख, लिफ्ट दुरुस्त करणारा गडी. इतर बायका नवऱ्याच्या पहिल्या बायकोचे फोटो फाडतात. किडनी कशी फाडणार?

तिचं दुकान एका सहा मजली इमारतीच्या तळमजल्यावर होतं. समोर दोन आरसे, भिंतीवर फ्रेमा, आणि पडद्यामागे काचांच्या कडा घासायचं यंत्र. त्याची घरघर सुरू झाली की तिचं डोकं शांत व्हायचं. डोळ्यांतल्या दोन बाहुल्यांमधलं अंतर जरासं चुकलं तरी गिऱ्हाइकाचं कपाळ दुखतं, म्हणून मिलिमीटरच्या बाबतीत ती कुणाच्या बापाला सोडत नसे. अशा काटेकोर बाईच्या पदरी डाव्या बाजूला रिकामी जागा असलेला नवरा पडावा, ही नशिबाची खोडीच म्हणायची.

इमारतीची लिफ्ट बंद पडली म्हणून तो पहिल्यांदा आला होता. दुरुस्त करून गेला, आणि मग ती लिफ्ट महिन्यातून चार वेळा बंद पडू लागली. त्यातल्या तीन वेळा लिफ्टचा काही दोष नव्हता, हे पुढे त्यानंच कबूल केलं.

लग्नाआधी तिनं अटी घातल्या. काउंटरमागे उभी राहून, हातात काचा पुसायचं फडकं घेऊन.

"भेटायचं नाही. फोन नाही. कशी आहेस, जेवलीस का, असलं काही नाही."

"बरं."

"नुसती मान हलवू नका. कळलं का ते सांगा."

"कळलं. पण एक विचारू? आकडा?"

"कसला आकडा?"

मग त्यानं सांगितलं. किडनी नीट चालते की नाही हे रक्तातल्या एका आकड्यावरून समजतं. क्रिएटिनिन म्हणतात त्याला. एकच्या आसपास असला की सगळं झकास, वाढत गेला की घोटाळा. पहिली बायको दर तीन महिन्यांनी रक्त तपासते आणि आकडा त्याला कळवते.

"बसवून दिलेल्या लिफ्टचीसुद्धा मी पुढे दहा वर्षं चौकशी करतो," तो म्हणाला. "ही तर माझ्या अंगातली वस्तू. चालतेय की बंद पडली, एवढं तरी कळू दे."

ती बराच वेळ फडक्याच्या घड्या घालत राहिली. "ठीक आहे. पण नुसता आकडा. मागेपुढे एक शब्द नाही. आणि हे तिला मी कळवीन, तुम्ही नाही."

त्याच्या फोनमधून नंबर घेऊन तिनं स्वतः निरोप टाकला. टाकताना तिला फार समाधान वाटलं. पलीकडून थोड्या वेळानं उत्तर आलं ते थेट नवऱ्याच्या फोनवर. ०.९. मागेपुढे काही नाही.

सात वर्षं आकडा येत राहिला. कधी ०.९, कधी १.०. एकदा ०.८ आला तेव्हा नवरा दिवसभर शीळ घालत होता, मुलाचे मार्क बघून बाप घालतो तशी. चष्मेवालीच्या अंगाचा तिळपापड. शून्य पूर्णांक नऊमध्ये माणूस काय गुलुगुलु बोलणार? पण जळणाऱ्याला निमित्त लागत नाही. एकदा आकड्यापुढे उद्गारचिन्ह आलं, तर तिनं दोन दिवस अबोला धरला.

"अगं, बोट लागलं असेल चुकून," नवरा म्हणाला.

"माझं बरं कधी लागलं नाही!"

एकदा सकाळी चहा पिताना तिनं विचारलं, "उद्या माझ्या किडन्या गेल्या तर द्याल मला?"

"माझ्याकडे एकच आहे."

"म्हणजे नाही."

"मी मरेन ना वेडे!"

"तिच्या वेळी नाही असला विचार केलात."

"तेव्हा दोन होत्या!"

ती दुकानात जाऊन यंत्र सुरू करून बसली. नवऱ्याचं तिच्यावर प्रेम होतं, याबद्दल तिला तिळमात्र शंका नव्हती. तिचं पोट दुखायचं ते वेगळ्याच कारणानं. त्याच्या हातून आयुष्यात एक मोठं काम झालं होतं, आणि ते ती यायच्या आधीच उरकलं होतं. आता तिच्या वाट्याला गळका नळ, पडद्याचा दांडा आणि रविवारी पाठ चोळून देणं. पोट कापून घेण्याइतकं तिच्यासाठी करण्यासारखं काही उरलंच नव्हतं. आणि ती पहिली महामाया त्याची किडनी पोटात घेऊन त्याला सोडून गेली होती! खाऊन तोंड पुसून गेली, असं चष्मेवाली मनात म्हणायची. मोठ्यानं म्हणायची सोय नव्हती, कारण नवऱ्याला पहिलीबद्दल वाईट शब्द चालत नसे.

मग त्याचा उजवा खांदा दुखायला लागला.

लिफ्टवाल्याचा खांदा दुखणारच. मलमं झाली, शेक झाला, तीन महिने गेले. एक दिवस हत्यारांची पिशवी उचलताना दंडाचं हाड काडीसारखं मोडलं. फोटोत हाडाला भोक दिसलं. भोकातला तुकडा तपासायला गेला, मग सबंध अंगाचे स्कॅन झाले, ते पुरले नाहीत म्हणून पुन्हा झाले, आणि शेवटी दोघं कॅन्सरच्या डॉक्टरीणबाईंसमोर बसले. आखूड पांढरे केस, गळ्यात साखळीला चष्मा. साखळी बरी होती, चष्मा मात्र नाकावरून घसरत होता, हे चष्मेवालीनं अशा वेळीसुद्धा टिपलं.

"हा कॅन्सर हाडाचा नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "किडनीचा आहे. तिथून सुटून हाडात आलाय, आणि छातीत दोन बारीक ठिपके आहेत. पण एक गोष्ट जमत नाही. तुमची किडनी स्वच्छ आहे. मी दोनदा बघितली, दुसऱ्यांकडूनही बघून घेतली. फांद्या दिसतात, मूळ सापडत नाही. दुसरी किडनी कुठे गेली?"

"दिली," नवरा म्हणाला. गळ्यात हात अडकवलेला असूनही ताठ बसला.

"कुणाला?"

"पहिल्या बायकोला. बारा वर्षं झाली."

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढून हातात धरला. "त्या कशा आहेत?"

"ठणठणीत! ०.९. गेल्याच महिन्यात आकडा आला."

"त्या आकड्यावरून किडनी काम करते एवढंच कळतं. तिच्यात गाठ आहे की नाही ते कळत नाही. गाठ असूनही किडनी छान चालते." मग त्यांनी सावकाश समजावलं. किडनी देण्याआधीच तिच्यात मोहरीएवढं काही असेल, तेव्हाच्या तपासणीत न दिसणारं. त्यातला एखादा कण आधीच सुटून ह्याच्या हाडात जाऊन पडला असेल आणि झोपून राहिला असेल. हा कॅन्सर असा दहा-दहा वर्षं झोपतो. "फार क्वचित घडतं. मी स्वतः असा पेशंट पाहिलेला नाही. काही जणांचं मूळ कधीच सापडत नाही, तसंही तुमचं असेल. तुमची औषधं मी सोमवारपासून सुरू करतेय, मूळ सापडो न सापडो. पण त्या बाईंचा स्कॅन झाला पाहिजे, आणि तो त्यांच्यासाठी."

"आणि सापडलं तर?" नवऱ्यानं विचारलं.

"तर ती किडनी काढावी लागेल."

नवऱ्याचा चेहरा पांढराफटक पडला. स्वतःच्या कॅन्सरचं ऐकताना तो एवढा पडला नव्हता. चष्मेवालीचा धंदाच माणसांचे चेहरे जवळून बघण्याचा, तिला हा फरक दिसायचा राहतो काय! डोळ्यांत पाणी येता येता तिच्या छातीत नेहमीची आग भडकली, आणि दोन्ही एकदम सांभाळणं फार अवघड गेलं.

"मी फोन करतो तिला," बाहेर आल्यावर तो म्हणाला.

"मी जाईन. अट अजून मोडलेली नाही."

डॉक्टरीणबाईंची चिठ्ठी तिच्याकडे होती. ती तिनं दुकानात काचांच्या खणात ठेवली आणि चार दिवस तिथेच राहू दिली. पहिल्या दिवशी गिऱ्हाईक होतं. दुसऱ्या दिवशीही होतं. तिसऱ्या दिवशी कुणीच नव्हतं, तरी ती गेली नाही. यंत्रांनी नवऱ्याचं अंग केसापासून नखापर्यंत पिंजून काढलं आणि चोर भलत्याच बाईच्या पोटात! काखेत कळसा म्हणावं तर इथे काखच दुसऱ्याची. काच घासता घासता तिच्या मनात आलं, सापडू दे तिथेच. कापू दे, काढू दे, टाकून देऊ दे. सात वर्षं मी जे करू शकले नाही ते एक डॉक्टर अर्ध्या दिवसात करेल. विचार आल्यावर तिला लाज वाटली. लाज वाटून झाल्यावर तो विचार परत आला.

पाचव्या दिवशी नवऱ्यानं विचारलं, "गेलीस?"

"आज जाते."

"जा गं. तिला काही झालं तर मला सहन व्हायचं नाही."

ह्यांना काही झालं तर मला सहन होईल की नाही, हे कुणी विचारायचं? ती चप्पल घालून निघाली.

पहिली सार्वजनिक वाचनालयात फाटकी पुस्तकं बांधायचं काम करायची. मागच्या बाजूला एक लांबट खोली, लांबट टेबल, खळीचे डबे, पुस्तकं दाबून ठेवायचा लोखंडी दाब, आणि पाठीचे कणे निघालेल्या पुस्तकांचे ढीग. टेबलाशी एक बाई सुईत दोरा ओवत होती. चष्मेवालीनं इतकी वर्षं मनात एक भरल्या अंगाची, गालावर लाली असलेली बाई रंगवली होती, दुसऱ्याच्या किडनीवर माजलेली. ही तर वाळकी. चेहरा जुन्या कागदाच्या रंगाचा, खोलीत उकडत असताना अंगात पूर्ण बाह्यांचं जाकीट. चष्म्याची फ्रेम मात्र चांगली होती, हे नाइलाजानं मान्य करावं लागलं. बसवली होती कुणी गाढवानं, डावी दांडी वर आणि उजवी खाली. तेवढ्यानंच चष्मेवालीला बरं वाटलं.

"मी..."

"ओळखलं मी," पहिली म्हणाली. सुई खाली ठेवली. "बसा. त्याला काय झालं?"

त्याला! चष्मेवाली सात वर्षं "हे" आणि "ह्यांना" म्हणत आली होती. ही खुशाल "त्याला" म्हणते. बसायच्या आधीच एक टाचणी टोचली. पण ती सांगायला आली होती, म्हणून तिनं सगळं क्रमानं सांगितलं. खांदा, हाड, स्कॅन, स्वच्छ किडनी, न सापडणारं मूळ. मग चिठ्ठी पुढे केली.

पहिलीनं चिठ्ठी दोनदा वाचली. मग जाकिटाची डावी बाही कोपरापर्यंत वर सारली. हातावर दोरखंडासारखी जाड शीर उमटली होती आणि तिच्यावर दोन छोट्या पट्ट्या चिकटवलेल्या होत्या.

"डायलिसिस," ती म्हणाली. "मंगळवार, गुरुवार, शनिवार. पहाटे जाते, दुपारी इथे येते."

चष्मेवालीला काही उमगेना. "पण ०.९ होता ना?"

"ती किडनी काढली हो. दीड वर्ष झालं. गाठ होती तिच्यात, लिंबाएवढी."

"मग आकडा?"

"खोटा पाठवत होते."

चष्मेवाली उठून उभी राहिली. तिचा आवाज असा चढला की दारातून कुणीतरी डोकावून गेलं. "दीड वर्ष! सांगायला काय झालं होतं? डॉक्टरांनी सांगितलं नाही, देणाऱ्या माणसाला कळवा म्हणून?"

"सांगितलं. मी कळवते म्हणाले. तीनदा लिहिलं आणि तीनदा पुसलं." पहिलीनं फोन काढला, खूप मागे जाऊन काहीतरी शोधलं आणि तिच्यासमोर धरला.

निरोप चष्मेवालीचाच होता. *यापुढे फक्त आकडा पाठवावा. बाकी काहीही असलं तरी नको.*

"मी तुम्हाला दोष देत नाही," पहिली म्हणाली. "उलट तेव्हा मला हायसं वाटलं होतं. तुम्हाला वाटत असेल, घेतली किडनी आणि निघून गेली. अहो, ज्याची किडनी पोटात घेऊन फिरायचं त्याच्याशी भांडता येत नाही. त्यानं भाजीत मीठ जास्त घातलं तरी मी छान झालीय म्हणायची. तो उशिरा आला तरी मी हसायची. तो बिचारा कधी एका शब्दानं बोलला नाही, पण मी मिंधी झाले ती झालेच. मिंधेपणात संसार होत नाही. मग तुमची अट आली. नुसता आकडा. मला वाटलं, हे जमेल. एवढंच देणं जमेल मला."

"आणि किडनी काढल्यावर?"

"काढल्यावर आकडा आठाच्या वर गेला. आठ पाठवला असता तर तो तसाच धावत आला असता. काहीच पाठवलं नसतं तरी आला असता. तुमच्या घरात आग लागली असती. म्हणून ०.९ पाठवला. डॉक्टर म्हणाले होते, बहुतेक किडनी टिकवायला तुम्ही घेता त्या औषधांमुळे ही गाठ इथेच वाढली असेल, तरी त्याला एकदा तपासून घ्यायला सांगा. मी ते 'बहुतेक' धरून बसले."

चष्मेवालीला तिच्या एक कानाखाली वाजवावीशी वाटली, आणि तेवढ्याच जोरानं स्वतःच्याही. पण या दोन्हींच्या वर, सगळ्यांच्या वर, जळफळाट होता. ही बाई दीड वर्ष आठवड्यातून तीनदा सुया टोचून घेत होती आणि तरी दर तीन महिन्यांनी न चुकता तिच्या नवऱ्याला शीळ घालायचं निमित्त पुरवत होती. खोटं बोलण्यातसुद्धा पहिली ती पहिलीच! आपल्याला असलं काही सुचलं असतं का? सुचलं असतं तरी जमलं असतं का? सुंभ जळतो पण पीळ जळत नाही म्हणतात, तो पीळ तिला बरगड्यांखाली कळत होता.

पहिलीनं पिशवीतून फाइल काढून दिली. डायलिसिसला जाताना ती सोबत असायची. फाइल घेऊन चष्मेवाली दारापर्यंत गेली, थांबली, आणि परत येऊन हात पुढे केला.

"तो चष्मा काढा इकडे. कुणी बसवलाय हा? डोकं दुखत नाही?"

"दुखतं."

तिनं दोन्ही दांड्या हातानंच वाकवल्या, नाकपट्ट्या दाबल्या, डोळ्यांसमोर धरून बघितल्या आणि चष्मा परत दिला. माया वगैरे काही नव्हती त्यात. वाकडं बघवत नव्हतं, एवढंच.

डॉक्टरीणबाईंनी फाइल उभ्यानंच वाचली. पेशी त्याच जातीच्या होत्या. त्या गाठीच्या जुन्या काचपट्ट्या मागवून जुळवून बघू, पण मूळ हेच असावं, असं त्या म्हणाल्या. म्हणजे इतके दिवस ज्याच्यासाठी यंत्रं फिरवली ते मूळ दीड वर्षापूर्वीच उपटून फेकलेलं होतं.

"तेव्हाच कळलं असतं तर?" चष्मेवालीनं विचारलं.

"तेव्हा तपासलं असतं तर कदाचित हाडातलं एकच ठिकाण सापडलं असतं. छातीत काही नसतंही. किंवा असतंही. मला खरंच सांगता येणार नाही."

घर चालत वीस मिनिटांवर होतं. तिला तास लागला. काय सांगायचं, हे ती ठरवत होती. काहीच न सांगणं शक्य नव्हतं, डॉक्टरीणबाई सोमवारी बोलणारच. पण जे सांगायचं ते अर्धं सांगता आलं असतं. पहिलीनं किडनी गेल्याचं लपवलं, दीड वर्ष खोटे आकडे पाठवले. यात एक अक्षर खोटं नव्हतं. आपल्या निरोपाचं कशाला काढायचं? पहिली आपणहून ते कधीच बोलणार नाही, एवढं त्या खोलीत कळून चुकलं होतं. मग नवरा उरलेले दिवस, किती असतील ते असोत, त्या बाईवर चिडलेला राहील, आणि चिडलेला माणूस सगळाच्या सगळा आपल्या बाजूचा असतो. या विचाराला अशी गोडी होती की तिची पावलं आणखी मंद झाली.

नवरा खिडकीजवळच्या खुर्चीत बसला होता. ती आत आली तसा सरसावून बसला.

"भेटली?"

"भेटली."

"कशी आहे?"

हाच प्रश्न पहिला येणार, हे तिला माहीत होतं. तरी झोंबला. "किडनी काढली तिची. दीड वर्ष झालं. गाठ निघाली. डॉक्टर म्हणतात, मूळ तेच."

"०.९ आला होता गेल्या महिन्यात."

"खोटा. दीड वर्ष सगळे खोटे. ती डायलिसिसवर आहे."

बाहेर कुणीतरी शटर ओढलं. मग त्यानं मान वर केली, आणि त्याच्या तोंडावर चष्मेवालीनं जे सात वर्षांत कधी बघितलं नव्हतं ते दिसलं. पहिलीवरचा राग.

"का?" तो म्हणाला. "माझ्याशी खोटं का बोलली ती? मी काय मागितलं होतं तिच्याकडे? एक आकडा! तो तरी खरा द्यायचा!"

आता फक्त गप्प बसायचं होतं. काही करायला नको, खोटं बोलायला नको. ती गप्प बसली. मनात दहापर्यंत मोजून झालं असेल. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते तिच्याच्यानं बघवेना.

"माझ्यामुळे," ती म्हणाली.

"तुझ्यामुळे कसं? नुसता आकडा पाठव म्हणालो ते आपण दोघांनी ठरवलं होतं."

"मी निरोपात पुढे आणखी लिहिलं होतं. बाकी काहीही असलं तरी नको. असं लिहिलं होतं. तुम्हाला दाखवलं नाही. तिला तुम्हाला कळवायचं होतं हो, तपासून घ्या म्हणून. तीनदा लिहून पुसलं तिनं. माझ्या त्या एका ओळीमुळे पुसलं. मी जळत होते तिच्यावर. रोज जळत होते. अजून जळते. तिथे त्या खोलीत, तिच्या हातावरची ती शीर बघतानासुद्धा जळले. आता काय म्हणायचं ते म्हणा मला."

तो तिच्याकडे, नीट ओळखीचं यंत्र भलताच आवाज करायला लागल्यावर बघतो तसा बघत राहिला.

"डॉक्टर काय म्हणाल्या? आधी कळलं असतं तर?"

"कदाचित."

"कदाचित," तो म्हणाला.

तो उठून स्वयंपाकघरात गेला. डाव्या हातानं नळ सोडल्याचा, पेला भरल्याचा आवाज आला. ती जिथल्या तिथे उभी होती. तो ओरडेल, पेला आपटेल, तिला घराबाहेर काढेल, पहिलीला फोन लावेल, यातलं काहीही चाललं असतं. ती मनानं सगळ्याला तयार होती. मग तो पेला हातात घेऊन दारात आला.

"म्हणजे तिच्याकडे आता माझं काहीच नाही."

"नाही."

"सगळं इथेच."

"हो."

"घे मग," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता, लाड तर नव्हतेच. काम संपल्यावर मालकाला सांगतात तसं त्यानं सांगितलं. "आता जो काही आहे तो अख्खा तुझा."

हे वाक्य ऐकायला ती सात वर्षं झुरली होती. दुकानातल्या आरशासमोर एकटी असताना त्याच्या आवाजात तिनं ते स्वतःला म्हणूनही दाखवलं होतं. आता ते समोर उभं होतं. गळ्यात अडकवलेला हात, छातीत दोन ठिपके, महिन्याभरात सैल झालेला शर्ट. अख्खा तो एवढाच होता. आणि तिला वाटलं, नको. ती किडनी तिकडेच असू दे, त्या बाईच्या पोटात, गुलाबी, ठणठणीत. त्या बाईनं तिच्या जोरावर शंभर वर्षं जगावं, आणि आपण इथे बसून तिच्या नावानं बोटं मोडावीत. आता त्या बाईचा हेवा करण्यासारखं काही राहिलं नव्हतं. हेवा वाटला तो गेल्या उन्हाळ्यातल्या चष्मेवालीचा, जिच्याजवळ नवऱ्यावर रुसून बसायला हवा तेवढा वेळ होता.